राष्ट्रीय पिझ्झा साखळ्यांपैकी तुमची सर्वांत आवडती आणि सर्वांत नावडती कोणती, आणि का?

आपण प्रश्नात लिहिले आहे की महिन्यापूर्वीच पुण्यात राहायला आलात, मुलीचा वाढदिवस जवळ आला आहे, आणि देशभर शाखा असलेल्या साखळ्यांपैकी कोणती घ्यावी व कोणती टाळावी हे ठरत नाही. आवडतीचे नाव लगेच सांगतो: पिझ्झा हटचा पॅन पिझ्झा, दुकानात बसून, ओव्हनमधून निघाल्यावर पाच मिनिटांच्या आत खाल्लेला. घरी मागवायचा असेल तर डॉमिनोज. नावडतीचे नाव मात्र मी लिहिणार नाही, कारण कॉलेजात असताना दोन वर्षे मी तिच्याच एका शाखेत काम केले आहे आणि माझी फी त्या पगारातून भरली गेली आहे. एवढ्यावर मी थांबलो असतो, पण आपण शेवटी "चीज कोणाचे जास्त असते?" असेही विचारले आहे, आणि त्या वाक्यामुळे मला हे सविस्तर लिहावेसे वाटले.

मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, २००४ साली, कोथरूड परिसरातील त्या शाखेत संध्याकाळी पाच ते रात्री बारा या पाळीत लागलो. आमच्या घरी तोपर्यंत पिझ्झा म्हणजे बेकरीतून आणलेला तयार बेस, त्यावर टोमॅटो सॉस, ढोबळी मिरची, कांदा आणि किसलेले अमूल चीज, आणि हे सगळे झाकण ठेवून तव्यावर गरम केलेले. डॉमिनोज आणि पिझ्झा हट या दोन्ही साखळ्या १९९६ साली भारतात आल्या, पहिली दिल्लीत आणि दुसरी बंगळुरूत. आमच्या पिढीला खरा पिझ्झा कसा असतो हे त्यांच्याकडूनच कळले, आणि हे मी आजही कृतज्ञतेने म्हणतो. पिझ्झ्याचे पीठ ही किती जिवंत वस्तू असते, हे मात्र मला नोकरीतच समजले.

आमच्या शाखेत पीठ मळले जात नसे. मध्यवर्ती स्वयंपाकघरातून मैद्याचे तयार गोळे प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये, एकावर एक रचून येत, आणि ते आम्ही चार अंशांच्या आसपास थंड असलेल्या खोलीत ठेवत असू. तिथे ते दोन-तीन दिवस हळूहळू आंबत राहतात, आणि चव त्याच काळात तयार होते. गोळा तयार झाला की नाही हे बोटाने दाबून पाहायचे: खळगा लगेच भरून आला तर गोळा अजून कच्चा, सावकाश भरून आला तर योग्य, आणि तसाच राहिला तर तो बसला, म्हणजे आंबून गेला. माझी आई पुरणपोळीची कणीक ज्या काळजीने तिंबते आणि पुन्हा पुन्हा ओढून पाहते, तीच काळजी इथेही लागते. पहिल्या दोन महिन्यांत मी हे इतके मन लावून शिकलो की ट्रे उघडताच वासावरून मला गोळ्याचे वय सांगता येऊ लागले, आणि याचा मला अभिमान होता.

मे २००५ मधल्या एका गुरुवारी, पुण्यात गुरुवारी नेहमी जाते तशी, दुरुस्तीच्या कामासाठी वीज गेली आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत आलीच नाही. जनरेटर होता, पण त्यावर पुढच्या बाजूचा एसी, दिवे आणि ओव्हन चालत असत. थंड खोली त्याला जोडलेली नव्हती. मी पाच वाजता कामावर आलो आणि ट्रेचे झाकण काढले, तेव्हा गोळे एकमेकांना चिकटून सपाट पसरले होते, वर मोठे फुगे आले होते, आणि वास सरळ ताकासारखा होता. मी बोट दाबले. खळगा तसाच राहिला. व्यवस्थापकांना दाखवले, तेव्हा ते म्हणाले, "आज सुट्टीचा हंगाम आहे, बाहेर रांग लागणार. चीज थोडं जास्त टाक. लोकांना वरचं दिसतं, बेस कोण बघतो?"

मी चीज जास्त टाकले. ओव्हनच्या सरकत्या पट्ट्यावरून पिझ्झे बाहेर आले तेव्हा दिसायला उत्तम होते, वर सोनेरी ठिपकेसुद्धा पडले होते. साडेसातच्या सुमारास सत्तरीचे एक आजोबा कापडी पिशवीत पिझ्झ्याचा डबा उभा धरून परत आले. त्यांनी तो काउंटरवर ठेवला, आडवा केला, उघडला, आणि एका तुकड्याची कड मोडून मला आतला भाग दाखवला. "बाळ, याला जाळीच पडलेली नाही. आतून चिकट आहे, आणि आंबूस लागतंय. नातीनं दोन घास खाल्ले आणि ठेवून दिला." खरोखरच, जिथे पावासारखी जाळी असायला हवी होती तिथे करड्या रंगाचा एक गच्च थर होता. व्यवस्थापकांनी मागून मला खुणावले, आणि मी शिकवल्याप्रमाणे म्हणालो, "आजोबा, चीज जास्त आहे ना, म्हणून तसं लागतंय." त्यांनी माझ्याकडे पाहिले, डबा मिटला आणि तो तिथेच ठेवून गेले. पुढच्या खेपेला सवलत देणारे कुपनही त्यांनी घेतले नाही.

त्या माणसाला मी खोटे सांगितले, आणि हे मला आजही टोचते. मागच्या वर्षी एका लग्नात तेच व्यवस्थापक भेटले. आता ते या धंद्यात इतरांना सल्ला देतात. बोलता बोलता पुन्हा तेच म्हणाले, की भारतातला ग्राहक चीज बघून पिझ्झा घेतो, बेस त्याला कळत नाही. जेवणाच्या पंगतीत वाद नको म्हणून मी गप्प बसलो. माझे म्हणणे असे आहे की धिरड्याला, ढोकळ्याला, अनारशाला जाळी पडली की नाही हे ज्या घरात लहान मुलाच्याही लक्षात येते, त्या घरातल्या माणसाला पावाची जाळी कळत नाही असे म्हणणे हा त्याचा अपमान आहे.

आता आपल्या चीजच्या प्रश्नाकडे येतो. चीज किती आहे यापेक्षा ते चीजच आहे का, हे आधी विचारावे. मोझरेला हे दूध साकळवून झालेला घट्ट गोळा गरम पाण्यात ताणून केलेले चीज आहे. त्याची तार त्या ताणण्यामुळेच येते. बाजारात त्याच्यासारखे दिसणारे, वनस्पती तेल घालून केलेले पदार्थही मिळतात. ते स्वस्त असतात, ओव्हनमध्ये छान वितळतात आणि गार झाले की टाळूला मेणासारखे चिकटतात. २०२२ साली हरियाणातील जीएसटीच्या अपील प्राधिकरणाने असे वनस्पती तेलाचे 'पिझ्झा टॉपिंग' चीज मानता येणार नाही, असा निर्णय दिला आणि त्यावर १८ टक्के कर लागू ठरवला. आपल्या जिल्ह्यात मंचरला 'गो' या ब्रँडच्या चीजचा मोठा कारखाना आहे. पुणेकराला खरे चीज मिळत नाही अशी स्थिती मुळीच नाही. म्हणून एका पिझ्झ्यावर दुप्पट चीज फुकट अशी जाहिरात दिसली की मला पहिली शंका चीजची येते आणि दुसरी बेसची, कारण चीज हा या धंद्यातला महाग माल आहे आणि तो कोणी प्रेमापोटी वाटत नाही.

पिझ्झा हटचा पॅन पिझ्झा मला आवडतो तो त्याच्या बेससाठी. या साखळीने तो १९८० साली आणला. त्यात पीठ तेल लावलेल्या खोलगट पॅनमध्येच फुगू देतात, त्यामुळे खालची बाजू भाजता भाजता तळलीही जाते. बाहेर कुरकुरीत आणि आत मऊ जाळी असे दोन्ही एकाच घासात मिळते. तिथे बेस लपवता येत नाही, कारण अर्धा पिझ्झा बेसच असतो. मात्र हाच पिझ्झा डब्यात बंद करून अर्धा तास फिरवला की वाफेने खालचा कुरकुरीतपणा जातो आणि तेल तेवढे उरते. त्यामुळे घरपोच मागवण्यासाठी मी डॉमिनोजचा हाताने पसरलेला साधा बेस निवडतो. तो फार थोर लागत नाही, पण कर्वेनगर असो वा विमाननगर, तोच लागतो, आणि इतक्या शाखांमध्ये तोच लागणे ही मोठी कारागिरी आहे हे मला या धंद्यात काम केल्यामुळे कळते. एक विनंती: पाच मिनिटे उशीर झाला म्हणून आणून देणाऱ्या मुलाशी भांडू नका. डॉमिनोजने अमेरिकेत तीस मिनिटांत पिझ्झा पोचवण्याचे वचन १९९३ साली सोडून दिले, ते एका अपघाताच्या खटल्यात मोठ्या भरपाईचा निकाल लागल्यानंतरच.

ला पिनोज या साखळीचे मोठे तुकडे कॉलेजच्या मुलांना आवडतात. मला त्यांच्यावर वरचा पसारा जास्त वाटतो. पुण्यातच रोल विकून सुरू झालेल्या फासोजच्या मंडळींची ओव्हन स्टोरी ही पिझ्झा साखळी चीजच्या चवी बदलून देते. एकदा खाण्याजोगी आहे. ज्या बेसमध्ये पातळ चीज भरलेले असते तो कुठल्याही साखळीचा असो, मी घेत नाही, कारण त्यात पीठ नीट भाजलेच जात नाही. माझा एक मावसभाऊ म्हणतो की साखळ्यांचा पिझ्झा हा पिझ्झाच नव्हे, नेपल्सच्या पद्धतीने लाकडाच्या भट्टीत दीड मिनिटात भाजलेला तेवढाच खरा. तो पिझ्झा सुंदर असतो हे मला मान्य आहे, पण तो वेगळा पदार्थ आहे, आणि तीस मुलांच्या वाढदिवसाला तो कोणी करून देणार नाही.

साखळी पारखायची असेल तर पहिल्यांदा दुकानात जाऊन सर्वांत साधा मार्गरिटा मागवा आणि टोकाऐवजी कडेकडून खायला सुरुवात करा. कड मोडली की जाळी दिसली पाहिजे, वास भाजलेल्या पावाचा आला पाहिजे, आणि बोटाला पिठाचा चिकटपणा लागता कामा नये. त्या कडेवर लपायला चीजही नसते आणि सॉसही नसतो.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मी २००६ मध्ये ते काम सोडले, त्यामुळे माझ्या जुन्या साखळीत आज थंड खोल्या जनरेटरला जोडलेल्या असतीलही. तसेच एकाच साखळीच्या दोन शाखांमध्ये फरक पडतो. तो बहुधा तिथल्या रात्रपाळीच्या मुलांमुळे आणि त्यांच्या व्यवस्थापकामुळे पडतो. म्हणून साखळीपेक्षा आपल्या घराजवळची शाखा पारखून घ्या, आणि शक्यतो गुरुवारी पारखा, वीज नसलेल्या दिवशी.

वाढदिवसासाठी हिशेब असा करा. सात इंची दोन पिझ्झे म्हणजे साधारण ७७ चौरस इंच आणि दहा इंची एक म्हणजे साधारण ७९. पदार्थ जवळपास सारखाच, पण लहान पिझ्झ्यांत कड जास्त जाते, म्हणून दहा इंचीचा भाव दोन लहानांपेक्षा जास्त नसेल तर तोच घ्या. दहा इंचीचे सहसा सहा तुकडे होतात, तेव्हा उदाहरणार्थ बारा मुलांना प्रत्येकी दोन धरून चार लागतील; पाच मागवा. मुले आल्यावर, हात धुऊन बसल्यावरच मागवा, आणि डबे आले की झाकणे लगेच उघडून ठेवा, म्हणजे वाफ बेसमध्ये उतरणार नाही.