खळं, मुंग्या आणि धूळवाफ

खानापूरकडं भाताची धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरणी, करताय ना, मग पावसाच्या एकाच खुणेवर विसंबू नका. चंद्राचं खळं आधी मोजा. हात ताठ करून वीत पसरा, अंगठा चंद्रावर. करंगळीपाशी कडं आलं तर ते खरं खळं, साधारण 22 अंशांचं, उंच ढगांतल्या हिमकणांमुळं पडणारं. चंद्राला चिकटलेलं रंगीत कडं वेगळं, ते पाण्याच्या थेंबांचं. इथंच नवखे फसतात. मुंग्या अंडी हलवताना दिसल्या तर शेजारी पाट फुटलाय का बघा, त्या पाण्यानंही त्या हलतात. पंखवाली वाळवी बहुधा पाऊस पडून गेल्यावर निघते, तिला पुढची खूण कसली म्हणायची! खरी भीती हलक्या वळवाची: बी उगवतं, ओल तुटली की करपतं.