डिझेल गाडीचा धूर आणि पीयूसीचा दाखला

प्रश्न : माझ्याकडे २०१३ साली सोलापुरात नोंदवलेली, एमएच-१३ क्रमांकाची डिझेल हॅचबॅक आहे. गाडी सुमारे दीड लाख किलोमीटर चालली असून आता ती विजापूर रोडवरील घर ते नवी पेठेतील दुकान एवढीच फिरते. या महिन्यात पीयूसीला नेली असता धुराचा आकडा २.१० आल्याने दाखला नाकारला गेला. माझ्या मेहुण्यांची त्याच वर्षीची, धाराशिवला नोंदवलेली डिझेल गाडी मात्र जवळपास तेवढ्याच आकड्यावर पास झाली. मेस्त्री चारही नोझल बदलायला सांगत आहेत. एका परिचितांनी तर गाडी न नेताच दाखला आणून देतो, असे सांगितले आहे. मी काय करावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्यावर अन्याय झालेला नाही, आणि मेहुण्यांच्या गाडीला सवलतही मिळालेली नाही. देशभरातील सर्व नव्या मोटारींना बीएस-४ (भारत स्टेज-४, म्हणजे गाडीच्या धुराची सरकारी पातळी) हे मानक १ एप्रिल २०१७ पासून लागू झाले. परंतु दिल्ली परिसर, मुंबई, पुणे, हैदराबाद अशा निवडक शहरांत ते २०१० सालीच आले होते आणि त्या मोजक्या शहरांच्या यादीत सोलापूरचे नाव होते. त्यामुळे २०१३ साली सोलापुरात नोंदवलेली मोटार बीएस-४ असते, तर त्याच वर्षी शेजारच्या जिल्ह्यात नोंदवलेली गाडी बीएस-३ असू शकते. डिझेल गाडीच्या धुराची मर्यादा बीएस-४ साठी १.६२ आणि त्याआधीच्या मानकांसाठी २.४५ आहे. आपल्या आरसी बुकावरील मानकाची नोंद एकदा पाहून घ्या. कारण केंद्रचालकाने चुकीचे मानक निवडले, तर निकालही चुकीचाच येणार.

हा आकडा धूर प्रकाश किती अडवतो, हे सांगतो. यंत्रातील ठरावीक लांबीच्या धुराच्या स्तंभातून जाणारा निम्मा प्रकाश अडला, तर आकडा १.६२ च्या आसपास येतो. चाचणीच्या वेळी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून एक्सिलरेटर झटक्याने पूर्ण दाबला जातो, इंजिन कमाल फेऱ्यांपर्यंत नेले जाते आणि सोडले जाते. असे अनेकदा करून जुळणाऱ्या नोंदींची सरासरी धरली जाते. त्या एका झटक्यात इंजिनाला डिझेल लगेच मिळते, पण टर्बोला, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याला, पुरेशी हवा कोंडायला क्षणभर लागतो. हवेचा मार्ग कुठेही आखडला वा फुटला असेल, तर ती उणीव याच क्षणी काळ्या धुरातून उघडी पडते.

म्हणून खर्चाची सुरुवात नोझलपासून करू नका, हवेपासून करा. एअर फिल्टर बाहेर काढून उन्हासमोर धरा. कागदाच्या घड्यांमधून उजेड दिसत नसेल, तर तो झटकून किंवा फुंकून परत बसवू नका, नवा घाला. आपल्याकडच्या धुळीत, विशेषतः उन्हाळ्यात आणि रस्त्यांची कामे चालू असताना, कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले अंतर पूर्ण होण्याची वाट पाहणे परवडत नाही. त्यानंतर टर्बोपासून, ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनाकडे जाणारे रबरी पाइप हाताने चाचपून पाहा. क्लिपजवळ किंवा पाइपाच्या खालच्या बाजूला तेलकट काळा ओघळ दिसला आणि रेस दिल्यावर बॉनेटखालून हवा सुटल्यासारखा ‘सूंऽऽ’ असा आवाज आला, तर दोष तिथेच आहे. असा पाइप वरून शाबूत दिसतो, पण दाब वाढताच त्याची चीर उघडते. पिकअप कमी झाला असेल आणि ॲव्हरेजही घटले असेल, तर या शक्यतेला अधिक बळ मिळते.

तिसरी जागा इजीआर व्हॉल्व्हची. वापरलेल्या वायूंचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी ही झडप केवळ शहरात, कमी वेगात फिरणाऱ्या गाडीत काजळी आणि तेलाच्या चिकट थराने अर्धवट उघडी अडकते. मग नको त्या वेळी धूरच आत शिरतो आणि ताज्या हवेची जागा अडवतो. झडप काढून स्वच्छ करता येते, आणि आपल्या गाडीच्या वापराचे स्वरूप पाहता हे काम करून घ्यावेच, असे माझे मत आहे. काही गॅरेजमध्ये पत्रा लावून ही वाट कायमची बुजवण्याचा सल्ला मिळतो. तो मानू नये. त्याने काळा धूर कमी झाल्यासारखा दिसला, तरी चाचणीच्या यंत्राला न दिसणारे नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात, आणि तेच आपल्या शहराच्या हवेत मिसळतात.

एवढे करूनही आकडा उतरला नाही, तर इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरकडे (नोझल हे त्याचे टोक) वळावे. मात्र चारही नोझल बदलण्यापूर्वी प्रत्येक इंजेक्टरमधून परत जाणारे डिझेल वेगवेगळे मोजून घ्यावे आणि फवारा यंत्रावर तपासून घ्यावा. बहुतेक वेळा एखादाच दोषी निघतो, आणि कॉमन रेल (एकाच नळीतून उच्च दाबाने डिझेल पुरवणाऱ्या) गाडीतील एका इंजेक्टरची किंमत लक्षात घेता ही तपासणी करून घेतलेली केव्हाही बरी. हे सर्व धूर काळा आहे, असे गृहीत धरून लिहिले आहे. धूर निळसर असेल, तर इंजिन ऑइल जळत आहे. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर राहत असेल, तर न जळलेले डिझेल किंवा कूलंट यांचा संशय घ्यावा. त्या दुरुस्त्या निराळ्या आहेत.

फेरतपासणीला थंड गाडी नेऊ नका. नियमानुसार इंजिन ऑइल किमान ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असावे लागते, आणि डॅशबोर्डवरचा काटा कूलंटचे तापमान दाखवतो. ऑइल त्याच्या बरेच मागे असते. शिवाय शहरातल्या वापराने सायलेन्सरमध्ये साचलेली काजळी पहिल्या काही झटक्यांत बाहेर पडते आणि आकडा फुगवते. पुणे महामार्गावर लांबोटीपर्यंत जाऊन या. शक्य तिथे चौथ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या फेऱ्या अडीच हजारांच्या आसपास ठेवा. परतल्यावर गाडी बंद न करता थेट केंद्रावर न्या, कारण रांगेत अर्धा तास बंद उभी राहिलेली गाडी पुन्हा निवते. निघण्यापूर्वी ऑइलची पातळी पाहा, आणि इंजिनाला टायमिंग बेल्ट असून त्याची मुदत उलटली असेल, तर तो आधी बदला. जुनाट बेल्टवर कमाल फेऱ्यांचे झटके देणे म्हणजे इंजिनच पणाला लावणे होय.

दाखला नाकारताना केंद्राने कारण नमूद केलेली नकारपत्रिका देणे २०२१ च्या अधिसूचनेपासून अपेक्षित आहे. ती मागून घ्या. मेस्त्रींना ती उपयोगी पडते, आणि यंत्रच सदोष असल्याची शंका असेल, तर दुसऱ्या केंद्रावर गाडी तपासून घेता येते. परिचितांच्या प्रस्तावाला कृपया स्पष्ट नकार द्या. वैध दाखल्याशिवाय गाडी चालवल्यास मोटार वाहन कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि खोटा दाखला हा त्याहून गंभीर मामला आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात ज्या शहरांची हवा सुधारायची आहे, त्यांत आपले सोलापूर आहे. तो धूर आपल्या दुकानासमोरून शाळेला जाणारी मुलेच श्वासात घेतात.

प्रश्न : आमच्या बीएस-६ डिझेल एसयूव्हीत डीपीएफचा दिवा वारंवार लागतो. गॅरेजवाले डीपीएफ काढून टाका म्हणतात. काढल्यास पीयूसीत अडचण येईल का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : काढू नये. डीपीएफ हे काजळी अडवणारे जाळीदार गाळणे आहे. साचलेली काजळी सुमारे ६०० अंश तापमानाला आतल्या आत जाळली जाते, पण त्यासाठी गाडी सलग चालावी लागते. सात रस्ता ते जुळे सोलापूर अशा दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ती प्रक्रिया सुरू होते आणि गाडी बंद केल्यामुळे अर्धवट राहते. दिवा लागला की गाडी हैदराबाद किंवा पुणे महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटे ताशी ६० ते ८० किलोमीटर वेगाने, पुस्तिकेतील सूचनेप्रमाणे चालवावी. तरीही दिवा विझला नाही, किंवा लुकलुकू लागला, तर अधिकृत केंद्रात यंत्राद्वारे ती प्रक्रिया करून घ्यावी. इंजिन ऑइल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या, कमी राख सोडणाऱ्या प्रतीचेच वापरावे. इतर ऑइलची राख गाळण्यात अडकते आणि ती कशानेही जळत नाही.

डीपीएफ काढलेली गाडी कदाचित एखाद्या केंद्रावर पासही होईल, पण उत्पादकाने दिलेली प्रदूषण नियंत्रण यंत्रणा काढणे हा बेकायदा बदल आहे आणि त्याने गाडीची वॉरंटीही धोक्यात येते. रोजचा वापर यापुढेही शहरापुरताच राहणार असेल, तर आठवड्यातून एकदा तुळजापूर किंवा अक्कलकोटची फेरी याच गाडीने करावी.