गणित सोडलं की सुटका होईल?

नमस्कार ताई,

तुमच्या लेकीला दहावीत विज्ञानात ८८ मिळाले आणि गणितात ५२. डॉक्टर व्हायचंय, म्हणून अकरावी सायन्सला गणित सोडून पीसीबी, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी, घेणार म्हणते. तिचे बाबा म्हणतात गणितासह चारही विषय घे, वाटा मोकळ्या राहतील. मधल्या मध्ये तुमची ओढाताण होतेय, आणि फॉर्म भरायला आठच दिवस उरलेत.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात, की ती धाकट्या भावाला वहीत हृदयाची आकृती काढून रक्त कुठून आत येतं, कुठून बाहेर जातं ते समजावत बसते. मला टक्क्यांपेक्षा ती ओळ मोलाची वाटली. परीक्षा नाही, कुणी सांगितलेलं नाही, तरी ती त्यात रमते. बायोलॉजी तिने बिनधास्त घ्यावी.

राहिलं गणित. विषय सोडला तरी फिजिक्समधलं गणित कुठे जात नाही, हे तिला आत्ताच कळलं पाहिजे. नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या ७२० गुणांपैकी ३६० बायोलॉजीचे, बाकी फिजिक्स-केमिस्ट्रीचे, प्रत्येकी १८०. राज्य मंडळाचं अकरावी फिजिक्सचं सध्याचं पुस्तक उघडलंत, तर दुसऱ्याच धड्याचं नाव आहे 'मॅथेमॅटिकल मेथड्स'. व्हेक्टर, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, सगळं तिथे भेटतं. गणित घेतलेल्या मुलांचा त्याचा सराव गणिताच्या तासाला होत राहतो, सोडलेल्यांना तो आपला आपण करावा लागतो. दिवाळीनंतर माझ्याकडे 'फिजिक्स डोक्यावरून जातंय' म्हणत मुलं येतात. वही पाहिली की फिजिक्स त्यांना बऱ्यापैकी समजलेलं दिसतं, गाडी अडते ती समीकरणापाशी.

शिवाय गणित सोडलं म्हणून विषय कमी होत नाही. सहा विषय भरावेच लागतात, गणिताच्या जागी भूगोल किंवा कॉलेजात असेल तो दुसरा विषय येतो.

बाबांचंही म्हणणं तपासू. बारावीला गणित नसेल तर इंजिनिअरिंगच्या बहुतेक शाखा, आर्किटेक्चर, एनडीएतून नौदल किंवा हवाई दल, भारतीय सांख्यिकी संस्थेची बी. स्टॅट. ही संख्याशास्त्राची पदवी, या वाटा बंद होतात. पीसीबीवर वैद्यकीय शाखांखेरीज राज्याच्या सीईटी प्रवेश परीक्षेतून फार्मसी आणि कृषी, शिवाय मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, मानसशास्त्र, कायदा हे सगळं उरतं. सीएलाही कुठल्याही शाखेतून जाता येतं, पण त्याच्या पहिल्या, फाउंडेशन परीक्षेच्या चार पेपरांपैकी एक गणित-संख्याशास्त्राचा आहे. नीटमध्ये हवं ते कॉलेज न मिळणारी मुलं खूप असतात, म्हणून ही दुसरी यादी तिने आत्ताच पाहिलेली बरी. बंद होणाऱ्या वाटा तिला एकेक करून वाचून दाखवा. एखाद्या नावाला तिने मान वर करून 'हे काय असतं?' विचारलं, तर गणित ठेवा. नुसतं 'असू दे, कधी लागेल' म्हणून चार विषयांचं ओझं पंधराव्या वर्षी तिच्यावर टाकू नका, हे बाबांना माझ्या वतीने सांगा.

त्याआधी ५२ कुठे अडकले ते बघा. पूर्वपरीक्षेचे पेपर रद्दीत गेले नसतील तर काढा. भूमितीच्या सिद्धता कोऱ्या आहेत, पण बीजगणित नीट आहे? मग फिजिक्सची मला काळजी नाही. रीत बरोबर आणि आकडेमोड चुकलेली असेल, तर तो घाईचा दोष आहे, सरावाने जाईल. वर्गसमीकरणंच सुटत नसतील, तर विषय ठेवा वा सोडा, सुट्टीत रोज अर्धा तास त्यावर बसावंच लागेल.

माझा कल विचाराल तर बीजगणित बरं असल्यास पीसीबी. फक्त गणिताच्या धास्तीने पीसीबी घेत असेल, तर थांबवा तिला.

फिजिक्सचं ते पुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. रविवारी दुसरा धडा तिला सोडवायला द्या. शेजारी बसा, शिकवू नका. पेन कुठल्या पानावर थांबलं ते बघा आणि फॉर्म भरायच्या आधी मला कळवा. पुढचं पत्र तिने स्वतः लिहिलं तर फार बरं.