स्थलांतरित रुग्णांची संसर्गजन्य रोगांसाठी तपासणी : कोणाची, कोणती आणि कधी

आपण विचारले आहे की, आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात परदेशांतून आलेल्या कुटुंबांची नोंदणी वाढली आहे, तर प्रत्येकाच्या पहिल्याच भेटीत क्षयरोग, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी आणि जंतसंसर्ग या सगळ्या तपासण्या एकदम उरकून घ्याव्यात का. आणि जे नाराज होऊन नकार देतात त्यांना काय सांगावे. अशाच स्वरूपाच्या केंद्रात मी अनेक वर्षे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

सरसकट सगळ्यांच्या सगळ्या तपासण्या करू नयेत, असे माझे मत आहे. ‘स्थलांतरित’ हे काही निदान नव्हे. रुग्णाचा जन्म व बालपण कोठे गेले, तो कोणत्या मार्गाने आला, वाटेत छावणीत किंवा कोठडीत राहावे लागले का आणि येथे येऊन किती काळ लोटला, या चार गोष्टी कळल्या की कोणती तपासणी करायची हे बहुतेक वेळा आपोआप ठरते. युरोपच्या रोगप्रतिबंध व नियंत्रण केंद्राने २०१८ साली दिलेल्या मार्गदर्शनातही तपासणी ऐच्छिक व गोपनीय असावी आणि तिच्यापाठोपाठ उपचार मिळावेत, यावर भर आहे. यातला शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मी पूर्वी जेथे काम करत होते तेथे नमुने उत्साहाने घेतले जात. पण रिपोर्ट आल्यावर रुग्णाला बोलावण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती, आणि पॉझिटिव्ह रिपोर्ट कित्येक महिने फाइलमध्ये पडून राहिलेले मी पाहिले आहेत. म्हणून रक्त घेण्यापूर्वीच पुढच्या भेटीची तारीख ठरवावी आणि ती रुग्णाच्या हातात लिहून द्यावी.

क्षयरोगाबाबत दोन निरनिराळे प्रश्न नेहमी एकत्र मिसळले जातात. खोकला, ताप, वजन घटणे अशी लक्षणे असतील तर तो सक्रिय रोगाचा प्रश्न आहे. तेथे छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी हवी. लक्षणे नसलेल्या माणसात सुप्त संसर्ग (जंतू शरीरात आहेत, पण रोग झालेला नाही) शोधण्यासाठी मॅन्टू ही त्वचेवरची किंवा इग्रा ही रक्ताची चाचणी असते. बीसीजी ही क्षयरोगाची लस घेतलेल्यांमध्ये मॅन्टू फसवी ठरू शकते, इग्रावर मात्र बीसीजीचा परिणाम होत नाही. सुप्त संसर्ग असलेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी रोग होतो आणि त्यातला मोठा भाग संसर्गानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच होतो. त्यामुळे नुकत्याच आलेल्या तरुणांना या तपासणीचा लाभ अधिक मिळतो. इंग्लंडमधील कार्यक्रम १६ ते ३५ वयोगटातील आणि गेल्या पाच वर्षांत आलेल्यांवर केंद्रित ठेवला गेला, त्यामागचे कारण हेच. इग्रा पॉझिटिव्ह आली तरी सक्रिय रोग नाही याची खात्री केल्याशिवाय प्रतिबंधक औषध सुरू करू नये. शिवाय त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रिफॅम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, हे स्त्रियांना पहिल्याच दिवशी सांगावे. एवढे सांगायचे राहून गेल्यामुळे नको असलेली गर्भधारणा झाल्याचे मी पाहिले आहे.

हिपॅटायटिस बी मध्ये मात्र ‘येऊन किती वर्षे झाली’ हा प्रश्न गौण ठरतो. जन्माच्या वेळी लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्के बाळांत ती कायमची राहते, तर प्रौढपणी लागण झालेल्यांत हे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असते. म्हणजे तीस वर्षांपूर्वी आलेल्या आणि ‘मला कधी कावीळ झालीच नाही’ असे खात्रीने सांगणाऱ्या माणसातही विषाणू शांतपणे यकृत खराब करत असू शकतो. विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रतिजन (विषाणूचा ओळखू येणारा घटक), त्याविरुद्ध शरीराने तयार केलेले प्रतिपिंड आणि विषाणूच्या गाभ्याविरुद्धचे प्रतिपिंड या तिन्ही तपासण्या एकाच नमुन्यात करून घ्याव्यात. मग लागण आहे, पूर्वी होऊन गेली की लस द्यायला हवी, हे एकदाच स्पष्ट होते. लागण आढळली तर जोडीदाराला आणि मुलांनाही तपासणीसाठी बोलवावे. हिपॅटायटिस सी वर आता आठ ते बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात, त्यामुळे तेथे रुग्णाला देण्यासाठी आपल्याकडे खरोखरच चांगली बातमी असते.

ज्या जंतसंसर्गाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, तो स्ट्रॉन्गिलॉइडिस. हा कृमी शरीरातच पुन्हा पुन्हा संसर्ग करत राहतो, त्यामुळे मायदेश सोडल्यावर दशके उलटली तरी तो टिकून असतो. आणि स्टिरॉइड सुरू होताच तो शरीरभर पसरून प्राणघातक ठरू शकतो. साठीच्या घरातले एक गृहस्थ सांधेदुखीसाठी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू होण्याच्या आधी माझ्याकडे आले होते. कमरेवर अधूनमधून गांधीसारखी लाल रेघ उठते आणि थोड्या वेळाने नाहीशी होते, असे ते अनेक वर्षे सांगत आले होते, आणि प्रत्येक वेळी त्यांना पित्ताची गोळी मिळत होती. त्या दिवशी रेघ उठलेली होती. मी तिच्या टोकाशी पेनने खूण केली, त्यांचा इतिहास लिहून घेतला आणि अर्ध्या तासाने पुन्हा पाहिले, तर रेघ खुणेच्या दोन बोटे पुढे सरकली होती. शौचाचे नमुने निर्दोष आले, जंतसंसर्गात वाढणाऱ्या इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशीही फारशा वाढलेल्या नव्हत्या. रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी मात्र पॉझिटिव्ह आली. आयव्हरमेक्टिन हे कृमिनाशक औषध दिल्यानंतरच स्टिरॉइड सुरू केले. तेव्हापासून उष्ण कटिबंधात वाढलेल्या कोणालाही दीर्घकाळ स्टिरॉइड देण्याची वेळ आली की मी ही चाचणी आधी करून घेते. मध्य आफ्रिकेतील वनप्रदेशातून आलेल्यांना मात्र आयव्हरमेक्टिन देण्यापूर्वी लोआ लोआ या कृमीसाठी दिवसा घेतलेले रक्त तपासावे, कारण त्याचे प्रमाण जास्त असल्यास मेंदूला गंभीर इजा होऊ शकते.

आफ्रिकेतील तळ्यांत वा नद्यांत पोहलेल्यांना सिस्टोसोमियासिस या कृमिसंसर्गासाठी आणि लॅटिन अमेरिकेत जन्मलेल्या स्त्रियांना, विशेषतः गर्भधारणेच्या आधी, चागास या परजीवीमुळे होणाऱ्या रोगासाठी तपासावे.

आता नकाराविषयी. ‘तुम्ही बाहेरून आलात म्हणून’ अशी सुरुवात केली की संवाद तेथेच संपतो. मी साधारण असे म्हणते : ‘जेथे तुम्ही वाढलात तेथे हे आजार बऱ्याच जणांना नकळत होतात, वेळीच कळले तर औषध आहे, तपासायचे की नाही हे तुम्ही ठरवा.’ पुष्कळदा खरी भीती आजाराची नसते, तर रिपोर्ट येथे राहण्याचा परवाना देणाऱ्या कचेरीत जाईल याची असते. म्हणून रिपोर्ट कोण पाहील हे न विचारताच सांगावे, पण आपल्याकडील कायदा नीट वाचल्याशिवाय आश्वासन देऊ नये. दुभाषी म्हणून मुलांना बसवू नये. आईला एचआयव्हीविषयीचा प्रश्न दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून विचारला गेला, तर तिचे उत्तर खरे असण्याची अपेक्षाच करू नये. नकार आला तर शांतपणे नोंद करावी आणि पुढच्या भेटीत पुन्हा विचारावे. दुसऱ्या वा तिसऱ्या वेळी होकार देणारे पुष्कळ असतात.

तपासणी एकदा झाली म्हणून रुग्णाच्या नावापुढे कायमची खूणही करू नये. लोक नातेवाइकांना भेटायला मायदेशी जातात, येथे जन्मलेली मुलेही बरोबर नेतात, आणि लहानपणी अंगी असलेली मलेरियाविरुद्धची प्रतिकारशक्ती आता उरलेली नाही हे त्यांना ठाऊक नसते. जाण्याआधी त्यांनी भेटून जावे असे सांगून ठेवा, आणि परत आल्यावर ताप आला तर मलेरियाची तपासणी त्याच दिवशी करा.