एडिनबर्ग कॅसलबाहेरच्या ७८व्या हायलँडर्सच्या स्मारकासाठी वेळ काढावा का?

तुम्ही विचारलंय की एडिनबर्ग एका दिवसात उरकायचंय, कॅसलचं तिकीट काढून झालंय, मग दाराबाहेरच्या पटांगणातल्या, ७८व्या हायलँडर्स या स्कॉटिश पलटणीच्या त्या उंच दगडी क्रूसापाशी थांबावं का? सोबतचा मित्र म्हणतो, भारतीयानं तिकडे ढुंकूनही पाहू नये. मी लिहायला बसलो तो तुमच्या या मित्रामुळे. असा एक माणूस आमच्याही घरात आहे.

थांबा. स्मारक दाराच्या बाहेर आहे, त्याला तिकीट लागत नाही. क्रूसावर हत्ती कोरलेला आहे, तो आधी शोधा.

माझे वडील, अण्णा, इकडे आले होते तेव्हा त्यांना कॅसल दाखवायला नेलं. आमचं गाव जालना जिल्ह्यात, आसईपासून जवळच. अण्णांना तोफा, राजमुकुट वगैरेत फारसा रस नव्हता, चढ चढून गुडघे दुखत होते. पटांगणात एक गाईड आपल्या घोळक्याला हत्ती दाखवून सांगत होता की ही पलटण बरीच वर्षं हिंदुस्थानात होती, म्हणून हत्ती.

"काय म्हणतोय रे तो?" अण्णा.

मी सांगितलं.

"त्याला म्हणाव, हत्ती आमच्या शिवारातला हाय."

मी चारचौघांत असं बोलणारा नाही, पण अण्णांनी दंडाला धरून पुढे ढकललं. गाईड भला माणूस निघाला, म्हणाला, सांगा. मग अण्णांनी छत्रीच्या टोकानं फरशीवर आमच्याकडच्या केळणा आणि जुई या नद्या काढल्या आणि मी दुभाष्या झालो. २३ सप्टेंबर १८०३, आसईची लढाई. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज दोन नद्यांच्या बेचक्यात. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली, त्याला केळणेचा उतार सापडत नव्हता. नदीच्या दोन तीरांवर दोन गावं समोरासमोर दिसली, तेव्हा मधे उतार असणारच असं त्यानं ताडलं. इंग्रजी पुस्तकांत याचं फार कौतुक असतं. अण्णांच्या मते एवढं गुराख्याच्या पोरालाही कळतं. हेही मला भाषांतर करून सांगावं लागलं.

७८वी पलटण नदीच्या अंगाला होती. ती शिंद्यांच्या तोफांवर सरळ चालून गेली आणि तोफा घेतल्या. पुढचं गाईडला ठाऊक नव्हतं. आमचे गोलंदाज तोफांखाली मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले. गोरे पुढे सरकल्यावर उठले, तोफा फिरवल्या आणि पाठीमागून बार काढले. त्याच तोफा दुसऱ्यांदा घ्यायला वेलस्लीला ७८वी पुन्हा मागे आणावी लागली. तिकडे दुसरी स्कॉटिश पलटण, ७४वी, वाट चुकून थेट आसई गावाच्या तोंडाशी गेली आणि जवळजवळ कापली गेली. इंग्रजांकडचे मेलेले-जखमी मिळून दीड हजारावर. या लढाईबद्दल कंपनीनं दोन्ही पलटणींना जादा मानाचं निशाण दिलं आणि हत्ती दिला. तोच हत्ती तिथे दगडात आहे. आमच्या गोलंदाजांनी एवढं महाग पाडलं नसतं तर हत्ती कुणी दिला असता?

त्या हत्तीसोबतचा अण्णांचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला आणि दाजींचं सुरू झालं. शत्रूच्या थडग्यापुढे दात काढून उभं राहायला लाज वाटत नाही का, वगैरे. दाजी माणूस चांगला, पण इतिहास त्यांना भाषणापुरताच लागतो. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आसईला आपण परकी अधिकाऱ्यांच्या दगाबाजीमुळे हरलो. शिंद्यांच्या नोकरीतले इंग्रज अधिकारी कंपनीच्या बोलावण्यावरून सोडून गेले हे खरंच आहे. पण पोलमान हा हानोव्हरचा माणूस थांबला आणि त्यानंच पायदळ लढवलं. रणातून लवकर निघून गेले ते शिंदे आणि भोसले. आणि वेलस्लीच्या बाजूला कोण होतं? मद्रासचे शिपाई, म्हैसूरचे घोडेस्वार आणि खुद्द पेशव्यांचे स्वार. १८०२च्या अखेरीस वसईचा तह करून इंग्रजांना घरात कुणी घेतलं, हे दाजींना एकदा विचारलं तर त्यांनी ग्रुप सोडला. बहिष्कारच टाकायचा तर यादी फार लांब होईल दाजी, आणि तिची सुरुवात पुण्यापासून होईल.

आता एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. ते स्मारक आसईचं नाही. १८५७-५८मध्ये 'बंड' मोडताना मेलेल्यांसाठी हयात सोबत्यांनी ते १८६१ साली उभारलं. म्हणजे इंग्रज सेनापती हॅवलॉकबरोबर कानपुरात नानासाहेबांच्या तोफांवर चालून गेलेली आणि पुढे लखनौला पोचलेली हीच पलटण. त्या वाटेवर गावोगाव लोकांना झाडांना लटकवलं गेलं, त्याचा एक शब्दही दगडावर नाही. मजकूर वाचून संताप येईल, येऊ द्या. अण्णांनाही आला. फोटो त्यांनी तरीही काढून घेतला, आणि मजकूर न येता फक्त हत्ती येईल असा काढ म्हणाले. दाजींनी फोटो नीट पाहिला असता तर एवढं त्यांच्याही लक्षात आलं असतं.

उन्हाळ्यात जाणार असाल तर ऑगस्टमधल्या टॅटूसाठी, म्हणजे लष्करी बँड-संचलनाच्या कार्यक्रमासाठी, पटांगणात दोन्हीकडे प्रेक्षकांचे उंच मांडव उभे असतात, ते आधी बांधायला घेतात आणि नंतर बरेच दिवस उतरवत असतात. तेव्हा स्मारकं धड दिसत नाहीत. वारा कायमच असतो, टोपी राहत नाही. आत क्राउन स्क्वेअरमध्ये स्कॉटलंडचं राष्ट्रीय युद्धस्मारक आहे, तिकीट काढलंच आहे तर तेही बघा. एका दिवसात बाकीचं कसं बसवायचं ते इतर कुणी सांगेल, मला तसं फिरणं जमत नाही.

आणि तुमच्या मित्राला विचारा की तो आसईला कधी गेलाय का. भोकरदनपासून तासभरही लागत नाही. आमचे दाजी संभाजीनगरात राहतात, ते अजून गेलेले नाहीत.