मागणी लिहून घेतली, पण काम पाहिले का?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या पिग्मी प्रतिनिधींसाठी मोबाइल ॲप करून घेण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. प्रतिनिधींच्या सर्व मागण्या लिहून घेऊन त्याप्रमाणे बटणे वाढवली. तरीही ते दिवसभर वहीत नोंदी करतात आणि संध्याकाळी एकदम ॲपमध्ये भरतात. त्यांची गरज ओळखावी कशी?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : ‘शोधण्याचे बटण मोठे करा’ असे सांगणारा प्रतिनिधी आपल्या परीने उपाय सुचवत असतो, अडचण कदाचित अशी असते की, तो रोज त्याच दुकानांतून त्याच क्रमाने फिरतो आणि ॲप मात्र दर वेळी खाते क्रमांक विचारते. तसे असेल तर बटण हवेच कशाला? त्याच्या फेरीच्या क्रमाने नावांची यादी समोर आली की पुरे.

या बाबतीत मजकूर लिहिण्या-सुधारण्याच्या ‘जिप्सी’ या प्रोग्रॅमची हकिगत जाणून घेण्याजोगी आहे. १९७०च्या दशकाच्या मध्यास लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी कॅलिफोर्नियातील झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात तो गिन या पाठ्यपुस्तक प्रकाशनसंस्थेच्या संपादकांसाठी तयार केला. त्याआधीच्या ‘ब्राव्हो’ या तशाच प्रोग्रॅममध्ये आज्ञा देण्याची आणि मजकूर लिहिण्याची अवस्था वेगळी असे. आज्ञेच्या अवस्थेत कोणी चुकून ‘एडिट’ हा इंग्रजी शब्द टाइप केला, तर ‘ई’ने सगळा मजकूर निवडला जाई, ‘डी’ने तो पुसला जाई, ‘आय’ने नवे लेखन सुरू होई आणि पानावर उरे एकटा ‘टी’. ‘जिप्सी’ करताना मात्र संपादकांना आज्ञांची यादी विचारण्याऐवजी त्यांना कोऱ्या पडद्यासमोर बसवून, एखादी दुरुस्ती तुम्ही कशी कराल, हे बोलून दाखवायला सांगण्यात आले. कागद कापून दुसरीकडे चिकटवण्याची त्यांची रीत पडद्यावर आली ती अशी.

आपणही प्रतिनिधीसोबत फेरी करावी आणि मध्ये न बोलता पाहावे. एका हातात रोकड, डोक्यावर ऊन, मध्येच गेलेली रेंज, गिऱ्हाइकांत गुंतलेला दुकानदार : पडद्याची रचना या परिस्थितीला उतरली पाहिजे. कालची रक्कम आपोआप भरून देण्याचा मोह मात्र, माझ्या मते, टाळावा. घाईत ती न पाहताच मान्य होते आणि हिशेब चुकतो. नवे पडदे आधी कागदावर रेखाटून चार-पाच प्रतिनिधींपुढे ठेवले, तर बऱ्याच ठळक चुका प्रोग्रॅम लिहिण्याआधीच सापडतात.

वहीवर बंदी घालू नका. तिच्या समासात ‘दुकान बंद’, ‘उद्या दोन दिवसांचे देणार’ असे काही लिहिलेले आढळले, तर त्यासाठी ॲपमध्ये जागा आहे का, ते आधी तपासा.