पाळी गेल्यानंतर हॉर्मोन चालू असताना रक्त जातंय, तपासण्या नॉर्मल आहेत. कसं निभवायचं?

तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. पाळी जाऊन चार वर्षं, हॉर्मोन सुरू करून दीड वर्ष, सगळं सुरळीत, आणि गेले तीन महिने मधूनच रक्त जातंय. सोनोग्राफी झाली, बायोप्सी नॉर्मल आली, डॉक्टर म्हणतात नक्की कारण सांगता येत नाही, थोडं थांबून बघू. तुम्ही विचारताय की औषधं बंद करू का, आणि तोवर मन कसं सांभाळू.

आधी मीच एक विचारते, राग आला तरी चालेल. प्रोजेस्टेरॉनची गोळी रोज घेता ना? रोज म्हणजे रोज. 'विसरले तर राहते एखादी' असं नाही.

मी घेत नव्हते. आणि डॉक्टरीणबाईंनी विचारलं की 'हो, घेते' म्हणून सांगत होते. माझ्या फाइलवर चार महिने 'कारण अस्पष्ट' असं लिहिलेलं होतं आणि निम्मं कारण माझ्या कपाटाच्या खणात पडून होतं.

माझी पाळी एक्कावन्नाव्या वर्षी गेली. बावन्नाव्या वर्षी हॉर्मोन सुरू केले, कारण रात्री पाच-सहा वेळा घामाने उशी भिजायची आणि दिवसा माणसांत बसले असताना मानेपासून भाजत वर यायचं. इस्ट्रोजेनचं जेल दंडावर आणि झोपताना प्रोजेस्टेरॉनची १०० मिलिग्रॅमची गोळी. दोन महिन्यांत मी माणसात आले. सुरुवातीला थोडे डाग पडले, तेही थांबले. दहा महिने तक्रार करायला जागा नव्हती. एकच होतं, त्या गोळीने मला सकाळी डोकं जड वाटायचं. ती गोळी गुंगी आणतेच, म्हणून तर रात्री घ्यायची.

आता माझी थोरली बहीण. आम्ही तिला अक्का म्हणतो. अक्काची गर्भपिशवी बेचाळिसाव्या वर्षीच काढलेली, गाठींमुळे. तीही जेल लावते, गोळी नाही. एकदा फोनवर मी डोकं जडावण्याचं रडगाणं गायले तर म्हणाली, "अगं, मला कुठे आहे ती गोळी? मी नुसतं जेल लावते, ठणठणीत आहे. वाईट काय असेल ना, तर ती दुसरी गोळीच."

अक्का अडाणी नाही. ती वाचते. तिला हे माहीत होतं की २००२ साली अमेरिकेतल्या हॉर्मोनवरच्या मोठ्या अभ्यासाचा एक भाग मध्येच थांबवला, कारण दोन्ही हॉर्मोन घेणाऱ्या बायकांमध्ये स्तनाचे कॅन्सर जास्त दिसले. आणि पिशवी काढलेल्या, नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांचा भाग २००४ मध्ये थांबवला तेव्हा त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसला नव्हता. दोन्ही गोष्टी खऱ्या. तिचा हिशोब सोपा होता: दोन्ही घेतलं तर वाईट, एकच घेतलं तर बरं.

पण त्या दुसऱ्या गटातल्या बायकांना पिशवीच नव्हती! पिशवी आहे तिला नुसतं इस्ट्रोजेन दिलं की आतलं अस्तर वाढत राहतं. त्याला आवरायला प्रोजेस्टेरॉन लागतं. १९७५ सालीच हे उघड झालं होतं, नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांमध्ये पिशवीच्या अस्तराचे कॅन्सर वाढलेले दिसले तेव्हा. म्हणून तर ती गोळी जोडीला आली. मलाही सुरुवातीला हे सांगितलेलं होतं. पण डोकं जड असताना माणसाला सोयीचं तेवढंच आठवतं.

मग मी आठवड्यातून दोनदा-तीनदा घ्यायला लागले. बाकीच्या रात्री नाही. सकाळी डोकं हलकं, अक्काला फोन, "बरोबर सांगितलंस गं."

सात महिन्यांनी पहिला डाग दिसला. तपकिरी, नखाएवढा. मी तो मूळव्याधीवर ढकलला. आठवड्याने लालभडक. घरात पॅड नव्हतं, पाळी गेल्याच्या आनंदात सगळी भाचीला देऊन टाकली होती. पंचावन्न जवळ आलेली बाई दुकानात पॅड मागताना 'मुलीसाठी हवेत' असं उगीच सांगते, ती मी.

सोनोग्राफीत अस्तर ७ मिलिमीटर. बारीक नळीने बायोप्सी घेतली. तो अर्धा मिनिट मी विसरणार नाही, पण अर्धाच मिनिट असतो. रिपोर्टमध्ये कॅन्सर नाही, मात्र अस्तरावर इस्ट्रोजेनचा परिणाम दिसतोय असं होतं. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "गोळी नियमित आहे ना?" नवरा शेजारी बसलेला. मी म्हटलं, "रोज घेते." खोटं का बोलले? पुष्कळ विचार केला आहे त्याचा. शाळेत गृहपाठ झाला का विचारल्यावर तोंडातून जसं 'झाला' निघतं तसंच ते निघालं. एकदा निघाल्यावर पुढच्या वेळी बदलता आलं नाही.

त्यानंतरचे चार महिने. तुम्ही त्याच मधल्या काळात आहात म्हणून हे लिहिते आहे. रक्तापेक्षा वाट बघणं छळतं. प्रत्येक वेळी बाथरूममध्ये कागद उजेडात धरून बघायचा. गुलाबी आहे की माझ्या डोळ्यांना वाटतंय? दोन दिवस कोरडे गेले की मी घरात गाणी म्हणायचे आणि तिसऱ्या दिवशी परत. फिकट रंगाचे कपडे बंद, कुठे बसायचं ते आधी बघून ठेवायचं, नवऱ्यापासून अंग चोरायचं. तो बिचारा काही विचारत नव्हता. त्याचं न विचारणंही मला टोचायचं. लोक म्हणतात सकारात्मक राहा. मला हा सल्ला देणाऱ्या सगळ्यांच्या पिशव्या शांत होत्या.

मला उपयोग झाला तो वहीचा. रात्री एकदाच लिहायचं: थेंब, डाग की वाहणं, किती पॅड, कोणती औषधं घेतली. दिवसभराचं बघणं त्या एका वेळेवर ढकललं की दिवस जरा मोकळा मिळतो. डॉक्टरांसमोर 'अधूनमधून जातं' याऐवजी तारखा ठेवता येतात. अर्थात माझ्या वहीत 'कोणती औषधं घेतली' या रकान्यात मी तिथेही खोटं लिहीत होते. स्वतःच्याच वहीत!

शेवटी दुर्बिणीने आतून बघायचं ठरलं. भूल द्यायची होती म्हणून 'चालू असलेली सगळी औषधं बरोबर आणा' असं सांगितलं. आमच्याकडे महिन्याची औषधं नवरा आणतो. एकही महिना चुकवत नाही, तीन स्ट्रिप म्हणजे तीन स्ट्रिप. त्याने सकाळी माझा खण उघडला आणि 'सगळी औषधं' शब्दशः घेतली. मी टेबलाशेजारी बसलेली, त्याने औषधांची पिशवी उलटी केली आणि प्रोजेस्टेरॉनच्या एकोणीस न उघडलेल्या स्ट्रिप बाहेर आल्या. एकोणीस. डॉक्टरीणबाईंनी त्या पत्त्यांसारख्या नीट लावल्या, मोजल्या आणि एवढंच म्हणाल्या, "हे आधी सांगितलं असतं तर मी काय तुम्हाला ओरडले असते?" त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तपासणीत एका कोपऱ्यात दीड सेंटिमीटरचा पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला मऊ कोंब, निघाला. आधीच्या बायोप्सीत तो हाताला लागला नव्हता. ती नळी आंधळी असते, अस्तराचा थोडासाच भाग खरवडते. शिवाय या वेळच्या रिपोर्टात अस्तर वाढलेलं, पण पेशी बिघडलेल्या नाहीत असं आलं. अशा वाढीतून कॅन्सर होण्याची शक्यता वीस वर्षांत शंभरात पाचाहूनही कमी असते आणि बहुतेकदा ती औषधाने परत फिरते. मला तांबीसारखं दिसणारं, आतल्या आत प्रोजेस्टेरॉनसारखं हॉर्मोन सोडणारं साधन बसवलं. गोळी नाही, गुंगी नाही, चुकवायची सोय नाही. जेल चालू राहिलं. पहिले काही महिने त्या साधनानेही डाग पडतात, हे आधी सांगून ठेवलं होतं म्हणून या वेळी जीव गेला नाही. सहा महिन्यांनी बायोप्सी स्वच्छ, त्यानंतर सहा महिन्यांनी पुन्हा स्वच्छ.

आणि अक्का? तिला सांगितलं तर म्हणते, "म्हणजे पॉलिपच होता ना! माझ्या बोलण्याचा काय संबंध?" मी म्हटलं, अस्तर वाढलं होतं त्याचं काय? तर म्हणे, "मी तुला गोळी बंद कर असं कधी म्हटलं? मी माझं सांगितलं." हेही खरंच आहे. तिने तिचंच सांगितलं होतं. मी डॉक्टरीणबाईंना स्पष्ट विचारलं की रक्त नक्की कशाने गेलं. त्या म्हणाल्या, पॉलिपनेही जातं, गोळी चुकवल्यानेही जातं, वाटणी करून देता येणार नाही. मला तो निकाल हवा होता, लेखी मिळाला असता तर आणखी बरं.

तर तुमचं. औषधं मनाने बंद करू नका. कधीकधी डॉक्टरच काही आठवडे थांबवून बघतात, डोस किंवा प्रकार बदलतात, ते वेगळं. मनाने बंद केलीत आणि रक्त थांबलं तर तुम्ही समजाल सुटलो, आणि आत काही असेल तर ते तसंच राहील. निदान दोन्हीपैकी एकच बंद करून दुसरं चालू ठेवण्याचा माझा पराक्रम तरी करू नका.

'बघू' हे उत्तर मात्र मला मान्य नाही. सुरुवातीचे तीन ते सहा महिने डाग पडणं अपेक्षित असतं, ते ठीक. तुमचं दीड वर्ष झालंय, मध्ये काळ कोरडा गेलाय. बायोप्सी नॉर्मल असूनही रक्त चालूच असेल तर दुर्बिणीने आत बघायचं का, हे सरळ विचारा. नुसतं क्युरेटिंग, म्हणजे न बघता अस्तर खरवडणं, सुचवलं तर दुर्बीण का नाही, तेही विचारा, पॉलिप खरवडताना निसटतात. पॅप नॉर्मल आहे म्हणून स्वस्थ बसू नका, ती तपासणी गर्भाशयाच्या तोंडाची असते, आतल्या अस्तराची नव्हे. आणि कोणी पहिल्याच भेटीत 'वय झालं, आता पिशवी काढूनच टाका' म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. अक्काची काढली ती योग्य कारणाने. पण कारण न शोधता काढणं मला पटत नाही.

आकडा हवाच असेल तर: पाळी गेल्यावर रक्त गेलेल्या शंभर बायकांत साधारण नऊ-दहा जणींना अस्तराचा कॅन्सर निघतो. बाकीच्यांचं कारण बहुतेकदा पॉलिप, सुकलेलं पातळ अस्तर, योनीचा कोरडेपणा किंवा औषधांची गडबड. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर हा कॅन्सर असलेल्या दहांपैकी नऊ जणींना रक्त जातंच. म्हणून घाबरून झोप उडवण्याइतकं हे मोठं नाही, पण दुर्लक्ष करण्याइतकं लहानही नाही.

हे आधी लिहायला हवं होतं, राहिलं: तुमची औषधं महिन्यातले ठरावीक दिवसच प्रोजेस्टेरॉन देणारी असतील तर त्या दिवसांच्या शेवटी पाळीसारखं जाणं धरलेलंच असतं, माझं वरचं सगळं रोजच्या प्रकाराबद्दल आहे. रक्त पातळ करणारं, फिटचं किंवा टीबीचं औषध, स्तनाच्या कॅन्सरनंतरचं टॅमॉक्सिफेन यांपैकी काही चालू असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता त्यांना सांगा. आई-बहिणींत आतड्याचा किंवा पिशवीचा कॅन्सर झालेला असेल तर तेही. रक्त खरंच तिथूनच येतंय ना, लघवीतून किंवा शौचातून नाही ना, हेही एकदा बघून घ्या. आणि तासाला एक पॅड भिजत असेल, चक्कर येत असेल, तर उत्तरं वाचत बसू नका, निघा.

मी डॉक्टर नाही. माझं दुखणं ते तुमचं नव्हे. अक्काचं ते माझं नव्हतं, तेवढ्यावरून तर हे सगळं रामायण झालं.

कालच तिच्याशी बोलले. ती अजून पॉलिपवरच अडून आहे.